कुणी दिलं?

प्रत्येकाला काही ना काही छंद असतो. कुणी तिकिटे जमवतो, कुणी नाणी, तर कुणी नुसतीच कँटीनची उधारी! माझा छंद गमती जमवण्याचा. इंटरनेटच्या बाजारात हिंडायचे, काही चमत्कारिक दिसले की उचलायचे आणि ताबडतोब ग्रुपवर टाकायचे.

हा छंद बहुधा वारशाने आला. आमचे आजोबा अंबरनाथ पश्चिमेला विम्कोत, म्हणजे काडेपेटीच्या कारखान्यात होते. कंपनी १९२३ सालची. नाक्याला लोक विम्को नाका म्हणतात ते तिच्यामुळेच. आजोबांनी काडेपेट्यांचे छाप एका जाड वहीत चिकटवले आहेत. पहिल्या पानावर अर्थातच आपल्या कंपनीचे जहाज, मग वाघ, मोर, कमळ अशी मिरवणूक. प्रत्येकाखाली शाईने लिहिलेले : कुणी दिला, कुठे, केव्हा. पाहुणा आला की चहामागून वही आलीच म्हणून समजा!

माझी वही मोबाइलमध्ये. तिच्यातला एक नग पाहा. केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत १९९१ साली संशोधकांनी कॉफीच्या भांड्यासमोर कॅमेरा लावला. का? तर जिने चढउतार करून जावे आणि भांडे रिकामे निघावे, हा मनस्ताप टळावा म्हणून! १९९३ मध्ये ते चित्र वेबवर गेले आणि सारे जग त्या भांड्यात डोकावू लागले. २००१ साली कॅमेरा बंद झाला, तेव्हा लिलावात भांड्याला ३,३५० पौंड आले. आपल्या कँटीनच्या किटलीला हा योग कधी यायचा?

ही गोष्ट ऐकून आजोबा पोट धरून हसले. मग विचारले, "कुणी सांगितलं?" ते काम करणाऱ्या संशोधकानेच सारी हकीकत लिहून ठेवली आहे, ती मी दाखवली. आजोबांनी मान डोलावली.

२०२१ च्या दिवाळीत मी त्यांना अवकाशातून टिपलेला दिवाळीच्या रात्रीचा भारत दाखवला. निळे, हिरवे, लाल दिवेच दिवे!

"कुणी काढला फोटो?"

"फॉरवर्ड आलाय, आजोबा."

"म्हणजे कुणीच नाही."

मी चिडून शोध घेतला, तर दिवाळीचा संबंधच नाही! अनेक वर्षांची उपग्रह निरीक्षणे एकत्र करून, कुठे नवे दिवे वाढले ते रंगांनी दाखवणारे ते चित्र. नासाने २०१२ सालीच तसा खुलासा केलेला. आम्ही दोघेही हसलो, विषय संपला.

पुढच्या वेळी मात्र हसू आले नाही. सप्टेंबर २०२२. मी बारावीत होतो. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, बायका भांडी विकायच्या निमित्ताने येतात, असा एक निरोप आला. मी तो क्षणात आमच्या इमारतीच्या ग्रुपवर टाकला. सावध केल्याचे समाधानही वाटले! दुसऱ्या दिवशी दुपारी खाली गलका झाला. आमच्या गल्लीत वर्षानुवर्षे येणाऱ्या बोहारणीला दहाबारा जणांनी घेरले होते. पाटी उपडी, भांडी रस्त्यावर. एकाच्या हातात मोबाइल, आणि त्यात मीच पाठवलेला निरोप!

आजोबा गंजीवरच खाली धावले. "अरे, हिला ओळखत नाही? तुझ्या आईनं हिच्याकडूनच पातेलं घेतलंय!" गर्दी पांगली. आम्ही भांडी गोळा करून दिली. बाई एक शब्द बोलली नाही. त्यानंतर ती आमच्या गल्लीत आली नाही.

धुळे जिल्ह्यातील राईनपाड्याची हकीकत मी नंतर वाचली. १ जुलै २०१८ रोजी अशाच अफवेपायी भिक्षेकरी समाजातील पाच माणसांना जमावाने ठार केले होते. त्या रात्री मला झोप लागली नाही. आपल्या गल्लीत वेळेवर आजोबा उतरले, एवढाच काय तो फरक!

मी ग्रुपवर लिहिले, 'तो निरोप मी पाठवला होता, तो खोटा होता.' कॉफीच्या भांड्याला तीस अंगठे मिळाले होते. याला दोन मिळाले. त्यातला एक आजोबांचा.

मित्रहो, छंद मी सोडलेला नाही. गमती अजून जमवतो, वाटतोही. फक्त प्रत्येक गमतीखाली आता आजोबांसारखी एक ओळ लिहितो : कुणी दिली, कुठे, केव्हा. ती ओळ लिहिता आली नाही, तर गंमत माझ्यापाशीच राहते.