तुला काय येतं?

गेल्या रमजानात सेहरीच्या वेळी आमचा धाकटा मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. मी ओरडणार एवढ्यात त्यानेच विचारलं, "अम्मी, ऑक्टोपस हलाल असतो का?" मी म्हटलं, आपण हनफी, आपल्यात नाही चालत. कोकणातल्या खालाला विचार, त्या शाफई आहेत. आणि हे सेहरीला कुठून आलं? तेव्हा कळलं की तो जपानी मांगा वाचतोय. त्यातल्या राजाने दुष्काळात प्रजेला ऑक्टोपस खायला शिकवलं होतं.

या प्रकाराला 'इसेकाई' म्हणतात. इसेकाई म्हणजे दुसरं जग. आपल्या जगातला एखादा साधा मुलगा अचानक जादूच्या दुनियेत जाऊन पडतो, अशा गोष्टी. पोराच्या मांगातल्या त्या राजाचं नाव सोमा काझुया. दुसऱ्या जगात पोचतो तर तिथला राजा आपली गादीच त्याच्या हवाली करतो. राज्यात अन्नाचा तुटवडा असतो. का, तर शेतकऱ्यांनी धान्य सोडून कापूस लावलाय, भाव मिळतो म्हणून. इथे मी चष्मा लावला आणि मोबाइल हातात घेतला. आष्ट्यात राहणाऱ्या बाईला हे समजावून सांगायला जपानी माणूस कशाला हवा? आमच्या घराच्या गच्चीवरून चारी बाजूंना ऊसच दिसतो. ज्वारी दुकानातून येते.

पण मला आवडली ती पुढची गोष्ट. सोमा तलवार घेऊन निघत नाही. तो राज्यभर जाहीर करतो की ज्याला जे येतं ते येऊन सांगा. पंचो नावाचा एक जाडा माणूस येतो. त्याला येतं काय, तर खाणं. मुलूखभर हिंडून कुठले लोक काय खातात हे त्याने चाखून पाहिलेलं असतं. दरबारी हसतात. सोमा त्यालाच अन्नटंचाईचा कारभार देतो.

पोराला वाटलं, अम्मीला हे सगळं नवीन. मी त्याला 'तिलिस्म-ए-होशरुबा' सांगितलं. मुहम्मद हुसेन जाह यांनी लिहिलेला त्याचा पहिला खंड १८८३ मध्ये लखनौच्या मुन्शी नवलकिशोर यांच्या छापखान्यातून निघाला. तीही जादूची दुनिया आणि तिथेही बाहेरचा माणूस आत शिरतो. शहजादा असद शूर आहे, पण कैदेत पडतो. लढाई पुढे रेटतो तो अमर अय्यार, एक नंबरचा कंजूष, वेषांतर करणारा, ज्याच्या झंबीलमध्ये अख्खी दुनिया मावते. आणि त्याला बळ मिळतं ते तिलिस्मातल्याच माणसांचं. महरुखसारखी जादूगारीण शहेनशाह अफ्रासियाबला सोडून या बाजूला येते, तेव्हा कुठे पारडं हलतं. बाहेरच्याला आतले रस्ते माहीत नसतात.

"आणि आपल्याकडे?" पोराने विचारलं. आपल्याकडे प्रतिसरकार. १९४३ ते १९४६ इंग्रजांच्या राज्यात दुसरं राज्य चालवलं, तेही याच मुलखात. तेव्हा आपला वाळवा तालुका सातारा जिल्ह्यात होता. क्रांतिसिंह नाना पाटील येडेमच्छिंद्रचे, म्हणजे शेजारचेच. जी. डी. बापू लाडांची तुफान सेना, गावागावातली न्यायमंडळं, कमी खर्चातली गांधी लग्नं. यांना मात्र कुठल्या दुसऱ्या जगातून कुणी धाडलं नव्हतं. गावानेच भाकरी दिली आणि गावानेच लपवलं, म्हणून ते टिकले.

हे सांगताना मी थांबले. कारण बाहेरून येऊन कारभार हातात घेणारं माणूस कसं असतं, हे मला पुस्तकातून शिकायची गरज नव्हती.

ऑगस्ट २०१९. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. नदीकाठची माणसं ट्रॉलीत बसून आष्ट्याकडे येत होती आणि एका शाळेत आम्ही काही शिक्षक त्यांची व्यवस्था बघत होतो. मी लगेच रजिस्टर आखलं. नाव, गाव, पुरुष, स्त्रिया, मुलं. बी.एड.ला वर्गव्यवस्थापनात पहिली आलेली बाई मी, माझी खोल्यांची वाटणी चोख होती.

एक म्हातारे गृहस्थ फाटकाबाहेर म्हशीचं दावं धरून भिजत उभे होते. आत यायला तयार नाहीत. मी दोनदा समजावलं. तिसऱ्यांदा चिडून म्हटलं, "माणसं महत्त्वाची का जनावरं?"

ते शांतपणे म्हणाले, "बाई, तुमचा पगार एक तारखेला हुतो. माझा हिच्या कासेतनं हुतो."

त्यांच्यामागे आणखी वीस-पंचवीस जण तसेच उभे होते. माझ्या रजिस्टरमध्ये जनावरांचा रकानाच नव्हता.

मार्ग काढला तो माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याने. दहावीला दोनदा गेलेला. "तुला येतं तरी काय?" हे वाक्य मी त्याला वर्गात कितीदा ऐकवलं असेल, अल्लाह माफ करो. तो मला काही न विचारता फाटकाबाहेर गेला आणि त्या लोकांना विचारू लागला. दुभती किती? गाभण किती? भाकड किती? वाड्याचे दिवस नव्हते, ऊस अजून उभा होता. पण उंचावरच्या कुणाच्या रानात मका आहे, कुणाकडे हत्ती गवत आहे, कोण देईल आणि कोण नुसतं बघू म्हणेल, हे त्याच्या तोंडपाठ होतं. संध्याकाळपर्यंत दोन ट्रॉल्या वैरण आली. शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर दावणी लागल्या. मग ते म्हातारे आत आले आणि त्यांनी माझ्याकडे खिचडी मागितली. त्याच आठवड्यात बकरी ईद होती. नमाजनंतर तो पोरगा नव्या कपड्यांतच पुन्हा वैरण उतरवत होता.

त्याचे आभार मी मानले की नाही, ते आठवत नाही. बहुतेक नाहीच. लोकांनी माझं कौतुक केलं आणि मी ते ठेवून घेतलं.

पोराने विचारलं, "अम्मी, म्हणजे तो पंचो?" मी म्हटलं, अमर अय्यार. फक्त कंजूष नव्हता.

शाळा उघडल्यावर मी नववीच्या वर्गात एकेकाला उठवून तेच जुनं वाक्य विचारलं, पण 'तरी' काढून टाकला. सुरुवातीला सगळे एकमेकांकडे बघून हसले. नंतर शेवटच्या बाकावरची एक मुलगी उठली. मराठीच्या निबंधात तिच्या चार ओळी कधी होत नाहीत. ती म्हणाली, "मॅडम, म्हैस विताना रेडकू आडवं आलं तर काय करायचं, ते मला येतं."

मी तिला पुढे बोलावलं आणि सगळ्या वर्गाला वह्या काढायला सांगितल्या.