विकत घेतलेला खेळ नेमका कुणाचा?

१/१२
घराची आवराआवर करताना त्याच्या हाती एक जुनी सीडी लागली. संगणकावरील खेळाची, २००४ च्या उन्हाळी सुटीत वडिलांनी आणून दिलेली. खोके शाबूत, आत पावतीही घडी घालून ठेवलेली. त्याने मित्राकडून सीडी ड्राइव्ह मागून आणला, विंडोज १० असलेल्या संगणकाला जोडला आणि खेळ इन्स्टॉल केला. खेळ काही सुरू झाला नाही.

२/१२
सीडीवर ओरखडा नव्हता. अडसर होता तिच्यावरील कुलपाचा. त्या काळातील अनेक खेळांना ‘सेफडिस्क’ नावाचे संरक्षण असे. सीडी रायटरला सहजी उतरवता येणार नाहीत अशा खुणा मूळ सीडीवर मुद्दाम ठेवलेल्या असत. खेळ सुरू होण्यापूर्वी संगणकात बसवलेला एक छोटा प्रोग्राम त्या खुणा तपासून पाही.

३/१२
हा प्रोग्राम विंडोजच्या अगदी गाभ्यात शिरून काम करी. त्यामुळे त्यातील त्रुटी संपूर्ण संगणकाच्या सुरक्षेला बाधक ठरे. २०१५ साली आलेल्या विंडोज १० मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याला स्थान दिले नाही. सुरक्षेच्या दृष्टीने हा निर्णय योग्यच होता. मात्र पहारेकरी निघून गेला तो किल्ली घेऊनच. दार बंदच राहिले, आणि त्याबाहेर उभा होता रीतसर पैसे मोजलेला ग्राहक.

४/१२
कुलपांचा इतिहास याहून जुना आहे. १९९० च्या ‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’सोबत पुठ्ठ्याची गोल फिरकी मिळे. तिच्या चकत्या फिरवून चाच्याचा चेहरा जुळवायचा आणि तिथे दिसणारे साल संगणकाला सांगायचे. फिरकी हरवली तर पंचाईत होई, हे खरे. परंतु ती असे खेळणाऱ्याच्याच घरात. परवानगीसाठी कुणाचे दार ठोठवावे लागत नसे.

५/१२
नोव्हेंबर २००४ मध्ये ‘हाफ-लाइफ २’ आला आणि चित्र पालटले. दुकानातून खोके आणले, तरी इंटरनेटवर ‘स्टीम’मध्ये खाते उघडून खेळ त्याला जोडणे अनिवार्य झाले. यात सोयही होती : सीडी हरवण्याची भीती संपली. पण किल्ली घरातून उठून विक्रेत्याच्या सर्व्हरवर गेली, ती कायमची.

६/१२
२००८ साली ‘स्पोर’ प्रसिद्ध झाला. विकत घेतलेला हा खेळ तीनच वेळा सक्रिय करता येई. संतापलेल्या ग्राहकांनी अॅमेझॉनवर एक-तारा परीक्षणांचा पाऊस पाडला, तेव्हा ही मर्यादा पाचवर नेण्यात आली. विपरीत असे, की त्या वर्षी सर्वाधिक चोरल्या गेलेल्या खेळांत याचीच गणना झाली. चोरीच्या प्रतीला कुलूप नव्हते. ते प्रामाणिक ग्राहकाच्याच वाट्याला आले.

७/१२
मार्च २०१३ मध्ये ‘सिमसिटी’ आला. एकट्याने शहर वसवायचे असले, तरी इंटरनेट अखंड जोडलेले हवे. पहिल्याच दिवसांत सर्व्हर कोलमडले आणि पैसे भरलेले खेळाडू रांगेत ताटकळत राहिले. सुमारे वर्षभराने इंटरनेटविना खेळण्याची सोय देण्यात आली.

८/१२
या साऱ्यामागील प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे. बॉब्स-मेरिल या अमेरिकी प्रकाशकाने ‘द कास्टअवे’ या कादंबरीत छापले होते : एक डॉलरहून कमी किमतीस विकल्यास हक्कभंग मानला जाईल. मेसीज या दुकानाने ती ८९ सेंटना विकली. १९०८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुकानाच्या बाजूने निकाल दिला. प्रत एकदा विकली, की तिच्या पुढील विक्रीवर प्रकाशकाचा अधिकार उरत नाही.

९/१२
मग हे तत्त्व खेळांना का लागू होत नाही? कारण कंपनी म्हणते, आम्ही खेळ विकत नाही, वापराचा परवाना देतो. मराठेशाहीच्या अभ्यासकांना हा भेद ओळखीचा वाटेल. वतन वंशपरंपरेने चाले, त्याचे खरेदीखतही होई. सरंजाम सेवेसाठी मिळे आणि तत्त्वतः सरकार तो केव्हाही परत घेऊ शके. आजचा खेळाडू वतनाचे मोल देतो आणि त्याच्या हाती पडतो सरंजाम.

१०/१२
तो परत घेतला गेल्याचे ठळक उदाहरण म्हणजे युबिसॉफ्टचा ‘द क्रू’. २०१४ साली आलेल्या या खेळाचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ रोजी बंद झाले आणि एकट्याने खेळण्याचा भागही उघडेनासा झाला. त्यातून रॉस स्कॉट यांनी ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभारली. जुलै २०२५ मध्ये युरोपातील तिच्या नागरिक-याचिकेवरील स्वाक्षऱ्यांनी दहा लाखांचा टप्पा ओलांडला.

११/१२
कंपन्यांचीही बाजू आहे. चोरी खरी आहे, आणि सर्व्हर चालवायला खर्च येतो. पण व्यवहाराला त्याचे खरे नाव तरी द्यावे, एवढी अपेक्षा अवाजवी नाही. कॅलिफोर्नियाच्या २०२५ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार, केवळ परवाना देत असल्यास विक्रेत्याने तसे स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. दुसरीकडे ‘जीओजी’ हे दुकान २००८ पासून कुलूपविरहित खेळ विकत आले आहे. त्यामुळे कुलपाशिवाय धंदा होत नाही, असे म्हणता येत नाही.

१२/१२
२०२३ मध्ये व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या पाहणीत दिसले, की अमेरिकेत २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत. अनेक मराठी बखरी आपल्यापर्यंत पोहोचल्या त्या कुणीतरी उतरवून ठेवलेल्या नकलांमुळे. मूळ प्रती केव्हाच नष्ट झाल्या. ज्याची नक्कल करता येत नाही आणि मूळही उघडत नाही, त्याचा इतिहास पुढची पिढी कशावरून लिहिणार?
त्याने सीडी पुन्हा खोक्यात ठेवली. पावतीही. विकत घेतल्याचा तेवढाच पुरावा त्याच्यापाशी उरला होता.