मंद्र, मध्य व तार

घरांतील मुलांस सतारीऐवजीं गिटार आवडूं लागली, याचें आम्हांस दुःख नाहीं. तंतुवाद्य तें तंतुवाद्यच. परंतु गेल्या उन्हाळ्यांत आमच्या नातवानें समुद्रपुरास आमच्या माजघरांतच गिटारसाठीं व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर बांधावयास घेतला, आणि त्याच्या टोन कंट्रोलला कोणते कंडेन्सर घ्यावे यावरून घरांत दोन पक्ष पडले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून साधा पॉलिएस्टर कंडेन्सर थोडक्या रुपयांत येतो. त्याच मापाच्या नामांकित विलायती कंडेन्सरास कितीतरी पट अधिक मोजावे लागतात. नातू म्हणे, "आजोबा, आवाज त्यांतच आहे." सूनबाई म्हणत, "कॉलेजची फी अजून भरावयाची आहे." निवाडा आमच्याकडे आला.

निवाड्यापूर्वीं विषय समजून घेणें अवश्य. अशा यंत्रावर बहुधा तीन खुंट्या असतात. इंग्रजी नांवें बाजूस ठेविलीं तर त्यांस मंद्र, मध्य व तार म्हणावयास हरकत नाहीं. मौज अशी कीं, या खुंट्या स्वतः कांहींच वाढवीत नाहींत. वाढविणें हें व्हॉल्व्हचें काम. टोनची जोडणी केवळ वजाबाकी करते. कंडेन्सर उंच स्वरांस सहज वाट देतो व खर्जास अडवितो. ही वाट कोठून मोकळी व्हावी तें त्याचें माप आणि सोबतचा रेझिस्टन्स मिळून ठरवितात. फेंडर कंपनीच्या १९६३ नंतरच्या पुष्कळ यंत्रांत तारेच्या बाजूस २५० पिकोफॅरड, खर्जाकडे ०.१ मायक्रोफॅरड आणि रेझिस्टन्स १०० किलोओहम असे. तेथें मध्य स्थान बरेंच दबतें. मार्शलच्या त्याच दशकाच्या अखेरच्या कांहीं यंत्रांत ५०० पिकोफॅरड, ०.०२२ मायक्रोफॅरड व ३३ किलोओहम. तेथें मध्य भरून येतो.

मापाचा प्रभाव असा उघड आहे. प्रश्न नांवाचा होता. भरतमुनींनीं नाट्यशास्त्रांत श्रुतींचा निर्णय करतांना दोन सारख्या वीणा घेण्यास सांगितलें आहे. एक जशीच्या तशी ठेवावी, दुसरीचे स्वर उतरवीत जावें. पुढें त्यांस ध्रुववीणा व चलवीणा म्हणूं लागले. एक स्थिर असल्याविना दुसरींतील फरक कानास कळत नाहीं, हें त्यांतील मर्म.

तोच मार्ग आम्हीं येथें धरला. नातवानें मित्राकडून एक विलायती कंडेन्सर उसना आणला. छापील मापांत शेंकडा दहाचा फरक असूं शकतो. म्हणून साधा कंडेन्सर मीटरवर मोजून त्याच्याच मापाचा निवडला. दोन्ही एका स्वीचवर जोडले. नातू पाठमोरा बसून तीच चार सुरांची जागा वाजवी, आवाज उतरवून आम्ही स्वीच फिरवीत असूं किंवा मुद्दाम तसाच ठेवीत असूं. वीसपैकीं अकरा वेळां त्यानें बरोबर ओळखलें. नाणें उडविलें असतें तरी साधारण इतकेंच जमतें. नंतर दोन्ही कंडेन्सर स्थिर ठेवून १०० किलोओहमच्या जागीं ३३ किलोओहमचा रेझिस्टन्स स्वीचवर घेतला. तेथें तो एकदांही चुकला नाहीं. त्या रेझिस्टन्सची किंमत पांच रुपयेही नव्हती.

निवाडा साध्या कंडेन्सरांच्या बाजूनें लागला. मात्र एका बाबतींत आम्हीं काटकसर करूं दिली नाहीं. व्हॉल्व्ह तापेपर्यंत पुरवठ्याचा सर्व दाब, म्हणजे तीनशें व्होल्ट किंवा त्याहूनही अधिक, या कंडेन्सरांवर पडतो. कंडेन्सर गळूं लागला तर खुंटी फिरवितांच खरखर उठते. म्हणून ६३० व्होल्टांचेच घ्यावे असें ठरलें. शिवाय वीज बंद केली म्हणजे भय संपलें असें नाहीं. पुरवठ्याचे मोठे कंडेन्सर नंतरही प्राणघातक दाब धरून राहतात. ते रेझिस्टन्समधून रिते करावे, मीटरवर दाब उतरल्याची खात्री करावी, मगच आंत हात घालावा. हा नियम पाळीपर्यंत घरांतील एक वडील माणूस शेजारीं बसेल, ही अट नातवानें निमूटपणें मान्य केली.

फी भरली गेली. ॲम्प्लिफायरही उत्तम बोलतो. विलायती कंडेन्सरचा आवाज जरा अधिक गोड होता, असें नातू अजूनही म्हणतो. असेलही, परंतु ती गोडी त्यास कंडेन्सरकडे तोंड करून बसल्यावरच ऐकूं येते.