पाटल्या आणि पत्ते

धारला आमच्या घरात पत्ते निषिद्ध. एका दिवाळीत तीन पत्तीत वडिलांनी आईच्या पाटल्या घालवल्या. दोष मात्र नशिबाला दिला. त्याच घरातला मी गतवर्षी देवासला ब्रिजच्या स्पर्धेत बसलो! २०१८ साली जकार्ताच्या आशियाई खेळांत भारताला सुवर्णपदक मिळवून देणारा हा खेळ. स्पर्धेत वाटलेले तेच पत्ते टेबलाटेबलांवर फिरतात. नशिबाला बोल लावायला जागाच नसते. शेवटच्या डावात मी हुकूम अवेळी टाकला. हरलो. भिडू गप्प राहिला.

रात्री आईला भीतभीत सांगितले.

"पैसे लावले होतेस?"

"नाही. पण चूक माझीच होती."

रित्या मनगटावरून हात फिरवीत ती म्हणाली, "एवढं त्यांनी एकदा म्हटलं असतं, तर पाटल्यांचं इतकं लागलं नसतं रे."