कानाला हात

आमच्या पिढीवर वडीलधाऱ्यांकडून जे आरोप नित्य होत असतात, त्यांत कृतघ्नपणाचा आरोप अग्रभागी असतो. आम्ही जेवतो ते टीव्हीपुढे बसून, आणि गाणी ऐकतो ती कानांत यंत्राची बोंडे घालून, जेणेकरून ती शेजारच्यासही ऐकू जाऊ नयेत. मग आमच्यासाठी कोणी काय केले हे आमच्या ध्यानी यावे तरी केव्हा, असा हा युक्तिवाद आहे. 'तुम्ही थँक्यू फार म्हणता, पण कृतज्ञता तुमच्यापाशी नाही,' हे आमच्या आजोबांचे वाक्य तर आम्हांस तोंडपाठ झाले आहे. त्याचा पूर्वार्ध खरा आहे. उत्तरार्धाविषयी मात्र चार शब्द बोलावेसे वाटतात.

'कृतज्ञ' या शब्दाची फोड केली तर केलेले जाणणारा, एवढाच अर्थ हाती लागतो. त्यात बोलणे नाही, वाकणे नाही. केवळ जाणणे आहे. हा अर्थ ध्यानी आल्यापासून आम्ही टीव्हीवरील गाण्याच्या स्पर्धा निराळ्या दृष्टीने पाहू लागलो आहो. १९९५ साली झी वाहिनीवर 'सा रे ग म' सुरू झाले, तेव्हापासून असल्या कार्यक्रमांना खळ नाही. त्यांतील रोषणाई, परीक्षकांचे अश्रू आणि ऐन रंगात येणाऱ्या जाहिराती यांविषयी आजोबा जे बोलतात ते आम्हांस बव्हंशी मान्य आहे. परंतु एक गोष्ट तेथे आवर्जून घडते. गाणारा पोर मूळ गायकाचे नाव घेताच कानाच्या पाळीला हात लावतो. (मराठीत कानाला हात लावणे म्हणजे 'पुन्हा असे करणार नाही' अशी कबुली देणे, काही स्पर्धकांचे गाणे ऐकल्यावर हाही अर्थ लागू पडतो, ते असो.)

हा हात टीव्हीवाल्यांनी शोधून काढलेला नाही. तो गवयांच्या बैठकीतला आहे, आणि कोल्हापूरकरांस तो नवा असण्याचे कारणच नाही. १८९५ साली शाहू महाराजांनी अल्लादियाखाँसाहेबांना दरबारी ठेवून घेतले, त्यांचे चिरंजीव भुर्जीखाँ येथेच राहिले, आणि त्यांच्यापाशी शिकलेले मल्लिकार्जुन मन्सूर आयुष्यभर गुरूच्या नावाने गायले. आजोबा म्हणतात की, त्या लोकांचा हात मनापासून जात असे, आणि या पोरांचा कॅमेऱ्यासाठी जातो. असेलही. पण कॅमेऱ्यासाठी का होईना, एक नाव उच्चारले जाते, आणि ते लाखो घरांत ऐकू येते, हे थोडे नव्हे.

कारण नाव न घेण्याची रीत या धंद्यात फार जुनी आहे. १९४२ साली वडील निवर्तल्यावर मास्टर विनायकांच्या चित्रसंस्थेत कामास लागलेली एक मुलगी काही काळ याच कोल्हापुरात राहत होती. १९४५ साली ती मुंबईस गेली. पुढे १९४९ साली 'महल' चित्रपटातील तिचे गाणे देशभर गाजले, तेव्हा तबकडीवर गायिका म्हणून नाव छापले होते ते 'कामिनी', म्हणजे चित्रपटातील पात्राचे! ही गाते कोण, असे विचारणारी श्रोत्यांची पत्रे आकाशवाणीवर येऊ लागली, तेव्हा कोठे लता मंगेशकर हे नाव सांगितले गेले. फिल्मफेअरने पार्श्वगायनासाठी पारितोषिक ठेवले तेही १९५९ साली, आणि त्यासाठी लताबाईंना बराच आग्रह धरावा लागला. त्या श्रोत्यांविषयी आम्हांस मोठा आदर वाटतो. गाणे आवडले, एवढ्यावर ते थांबले नाहीत. एक पोस्टकार्ड खर्चून त्यांनी नाव विचारले.

विविध भारती १९५७ साली सुरू झाली आणि गाण्याआधी गायक, गीतकार, संगीतकार यांची नावे ऐकण्याची सवय घरोघर लागली. आमच्या हातातील यंत्रावर गाणे लावले की पुढचे गाणे आपोआप सुरू होते. नावे तेथे कोपऱ्यात असतात, परंतु ती उघडून पाहावी लागतात, आणि कवीचे नाव तर पुष्कळदा तेथेही नसते.

आता घरातली एक हकीकत. मागील महिन्यात एका स्पर्धेत एका मुलीने गीतरामायणातील सीतेच्या तोंडचे पद म्हटले. निवेदिकेने बाबूजींचे नाव घेतले. ते योग्यच होते, सुधीर फडके तर आमच्या कोल्हापूरचे. इतक्यात स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, "अरे, चाल त्यांची, पण १९५५ साली पुणे आकाशवाणीवर सीतेची बहुतेक पदं माणिकबाई वर्मांनी म्हटली होती. ती पोर त्यांचीच हरकत घेतेय बघ!" काकू पोळ्या लाटीत होत्या. पडदा त्यांना दिसत नव्हता.

"काकू, हरकत कशी ओळखली?" आम्ही विचारले.

"शिकले होते थोडं," त्या म्हणाल्या. थोडे म्हणजे गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या मध्यमेपर्यंतच्या परीक्षा! लग्नानंतर दोन वर्षे रियाजही चालला होता. पुढे घरात माणसे वाढली, आम्ही जन्मलो, आणि तंबोरा गवसणी घालून माळ्यावर गेला. हे आजोबांना ठाऊक होते. त्या रात्री कृतघ्नतेविषयी ते काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी आम्ही भावंडांनी तंबोरा खाली काढला. दोन तारा तुटल्या होत्या, एक खुंटी सैल झाली होती. मिरज येथून फार दूर नाही. तेथील सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकनही लाभले आहे. येत्या रविवारी तो तेथे न्यावयाचा ठरले, आणि संध्याकाळच्या पोळ्या कोणी लाटावयाच्या यावर बरीच वादावादी होऊन आम्हां तिघांचे वार लागले. पहिला वार आमचा आहे.

काकू हात पुसत आल्या. भोपळ्यावर बोट वाजवून कान लावून त्यांनी ऐकले, आणि म्हणाल्या, "तडा नाही गेला. पण जवारी नीट काढून घ्या रे, घाई करू नका."