एका खुर्चीचा दवाखाना आणि कोरोना

दातांचे काम रुग्णाच्या उघड्या तोंडापासून वीतभर अंतरावर चालते. मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेत दात कोरणारा एअरोटर आणि दातांवरचे किटण काढणारा स्केलर, दोन्हींना पाण्याचा फवारा लागतो. तो लाळेत मिसळला की त्याचे बारीक तुषार बराच वेळ खोलीत तरंगत राहतात. मार्च २०२० मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने कोणत्या व्यवसायाला कोरोनाचा किती धोका आहे हे मांडले, तेव्हा दंतवैद्य अगदी वरच्या रांगेत होते, ते याच कारणाने.

प्रस्तुत लेखकाचा दवाखाना खामगाव तालुक्यातील पिंपळगाव राजा येथे आहे, खुर्ची एकच. २५ मार्चला देशभर टाळेबंदी लागली आणि त्याच आठवड्यात बुलढाण्यात जिल्ह्यातला पहिला कोरोनाबळी गेला. दवाखान्याचे शटर खाली आले. मात्र दातांची कामे एका बैठकीत संपत नाहीत. रूट कॅनालमध्ये नस काढून, औषध भरून वर तात्पुरते सिमेंट लावतात. ते फार तर दोन-तीन आठवडे टिकते. एप्रिल सरता सरता ते झिजले, आत अन्न अडकू लागले आणि शांत झालेल्या दाढा पुन्हा ठणकू लागल्या. तारा लावलेल्या मुलांचे वेगळेच हाल. एका मुलीच्या वडिलांनी गालात रुतणारी तार नेलकटरने तोडली आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकून विचारले, “सर, बरोबर तुटली का बघा.” बरोबरच तुटली होती. कवळीसाठी सगळे दात काढून बसलेल्या म्हाताऱ्यांना मात्र असा उपाय नव्हता. मापे अकोल्याच्या लॅबमध्ये, एसटी बंद. पावसाळ्यापर्यंत त्यांनी भाकरी दुधात कुस्करून खाल्ली. बाकीच्यांची भिस्त लवंगेच्या तेलावर आणि मेडिकलमधून सुट्या आणलेल्या गोळ्यांवर होती. प्राथमिक आरोग्य केंद्रात सहसा दंतवैद्य नसतो, त्यामुळे सरकारी दवाखान्याचा आधार म्हणजे खामगाव, आणि तिथे जायला वाहन नाही.

१९ मे २०२० रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने दंतवैद्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. आधी फोनवर चौकशी, प्रतिबंधित क्षेत्रातले दवाखाने बंद, इतरत्र फक्त तातडीचे उपचार. काम सुरू करण्यापूर्वी रुग्णाला जंतुनाशकाने चूळ भरायला लावायची, खिडक्या उघड्या ठेवायच्या. सूचना योग्यच होत्या. फक्त त्या पाळायच्या होत्या विदर्भाच्या उन्हाळ्यात. एसी बंद, कूलर बंद, अंगावर प्लॅस्टिकचा किट. चष्म्यावर वाफ धरली की दाढेचे मूळ दिसत नसे, आणि घाम पुसायला हात वर नेता येत नसे. त्यात किटची किंमत आणि दाढ काढण्याची फी जवळपास सारखीच. एन-९५ मास्कच्या दरांवर राज्य सरकारने १९ ते ४९ रुपयांची मर्यादा घातली ती ऑक्टोबरमध्ये, तोवर पहिली लाट ओसरू लागली होती. खुर्चीच्या कर्जाचे हप्ते रिझर्व्ह बँकेच्या सवलतीने ऑगस्टअखेरपर्यंत पुढे ढकलता आले. व्याज थांबले नाही.

प्रत्यक्षात संसर्ग भीतीइतका पसरला नाही. जून २०२० मध्ये अमेरिकेतील दोन हजारांहून अधिक दंतवैद्यांची पाहणी झाली, त्यात बाधितांचे प्रमाण एक टक्क्याहून कमी निघाले. मास्क आणि शिस्तीने काम भागत होते. दवाखाने बंद राहिल्याने झालेले नुकसान, निदान आमच्या भागात तरी, अधिक मोठे होते.

फेब्रुवारी २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेने विदर्भाला आधी गाठले आणि पाठोपाठ म्युकरमायकोसिस आला. मधुमेह आणि कोविडसाठी दिलेली स्टेरॉइड्स, या जोडीवर ही बुरशी पोसली. नाकाजवळच्या पोकळ्यांतून ती वरच्या जबड्यात उतरते, म्हणून रुग्ण आधी दातांच्या डॉक्टरकडे येतो. कोविडमधून नुकतेच उठलेले एक शेतकरी “वरच्या दाढा एकदमच हलायला लागल्या” म्हणून आले. दाढा किडलेल्या नव्हत्या, खालच्या घट्ट होत्या. टाळूवर नखाएवढा काळा डाग आणि गाल बधिर. अशा वेळी दात उपटायचा नसतो. त्यांना त्याच दिवशी अकोल्याच्या सरकारी रुग्णालयात पाठवले. मे महिन्यात केंद्राने राज्यांना हा आजार साथरोग कायद्याखाली अधिसूचित करायला सांगितले, तेव्हा अ‍ॅम्फोटेरिसिन-बी इंजेक्शनसाठी नातेवाईक गावोगाव फिरत होते. अनेकांचा वरचा जबडा काढावा लागला. टाळूला पडलेले भोक बुजवण्यासाठी प्लेट बसवतात. ती नसेल तर प्यायलेले पाणी नाकातून येते.

तंबाखूची गोष्ट याहून संथ. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, टाळेबंदीत टपऱ्याही बंद झाल्या. पुडी महागली, सुटली नाही. तोंडात तीन बोटे उभी जात नाहीत किंवा गालातला पांढरा चट्टा भरत नाही, अशा तक्रारी एरवी आठवडी बाजाराच्या दिवशी सहज दाखवल्या जातात. बाजार बंद, म्हणून त्या राहून गेल्या आणि वर्षभराने आल्या तेव्हा काहींच्या कर्करोगाची गाठ मानेत उतरली होती.

आता किट गेला, मास्क राहिला, आणि लाळेचे तुषार जागीच ओढून घेणारे जोरकस सक्शन खुर्चीला कायमचे जोडले गेले. फोन करून वेळ घेण्याची पद्धत मात्र रुजली नाही. दाढ दुखली की रुग्ण थेट येतो, तोही सोबत दोघांना घेऊन.