न काढलेले दाते

औंढा नागनाथचे यादवकालीन मंदिर पाहताना मला एकाच गोष्टीचे कुतूहल वाटते : या दगडांचा आराखडा कोठे होता? भोपाळजवळ भोजपूर येथे अपूर्ण शिवमंदिराभोवतीच्या खडकांवर कोरलेले आराखडे आजही दिसतात; पण असा पुरावा विरळाच. एरवी आराखडा स्थपतीच्या हातात आणि सुताच्या दोरीत असे, आणि त्याच्याबरोबरच जाई.

त्याच औंढा तालुक्यात, दुधाळा गावाजवळ, लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारली जात आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन काटकोनी भुजा. 2023 साली केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला सुमारे 2,600 कोटी रुपये मंजूर केले. मूळ उपकरणे अमेरिकेची, निर्वात यंत्रणा आणि इमारती भारताच्या. परस्परांना कधी न भेटलेल्या माणसांनी घडवलेले भाग एकमेकांत बसायचे, ते कागदावरच्या रेषांच्या भरवशावर. आजचा धागा त्या रेषांविषयी.

त्यांचे शास्त्र गास्पार मोंज या फ्रेंच गणितज्ञाने अठराव्या शतकात किल्ल्यांच्या बांधणीसाठी रचले. फ्रेंच सैन्याने ते अनेक वर्षे गुपित ठेवले. 1790च्या दशकात ते जगापुढे आले.

हिंगोलीत यंत्रारेखन शिकताना दंतचक्राचे चित्र प्रथम पाहिले, तेव्हा मला प्रश्न पडला : दाते कोठे आहेत? संकेत असा, की दाते काढायचेच नाहीत. बाहेरचे वर्तुळ जाड रेषेचे, मधले अंतरवर्तुळ बारीक साखळीरेषेचे, मुळाचे वर्तुळ बारीक अखंड रेषेचे, तेही गरज असेल तरच. बाकी सारे बाजूच्या तक्त्यात. मॉड्यूल 3 आणि दाते 40 एवढे लिहिले, की अंतरवर्तुळाचा व्यास 120 मिलिमीटर आणि बाहेरचा 126. छेदचित्रातही दात कोरा राहतो, त्यावर तिरप्या रेषा ओढत नाहीत. दाते पाडणारे यंत्र चित्र पाहत नाही, आकडे पाहते. मग चाळीस दाते रेखाटण्यात दिवस कशाला घालवायचा?

कॅमचा संकेत याहून धीट. कॅम फिरतो आणि फॉलोअर (आपल्या धाग्याचा नव्हे!) वरखाली होतो, आरेखक मात्र कॅम स्थिर धरतो आणि फॉलोअरलाच उलट दिशेने त्याच्याभोवती फिरवतो. तीस-तीस अंशांचे बारा भाग, प्रत्येक रेषेवर उचल मोजून एकेक बिंदू. बिंदू जोडले की कॅमची कड तयार.

विद्युत्‌मंडलाच्या चित्रात तर रेषेच्या लांबीलाही अर्थ नसतो. बॅटरीच्या लांब-आखूड रेषांत 1800 सालच्या व्होल्टाच्या चकत्यांची आठवण आहे. दोन तारा नुसत्या ओलांडल्या तर त्या जोडलेल्या नाहीत. ठिपका दिला तर जोडलेल्या. जुन्या चित्रांत न जोडलेली तार दुसरीवरून कमान करून जाई. अमेरिकन रोध नागमोडी, आंतरराष्ट्रीय मानकातला आयताकृती.

असा भेद आकृतीच्या मांडणीत आला, तर मात्र तो महागात पडतो. भारतीय मानक ब्यूरोच्या 1988 च्या ‘एसपी 46’ने प्रथम-कोन प्रक्षेपाची शिफारस केली : वस्तूची सावली पलीकडच्या भिंतीवर पडावी तशी डावीकडून दिसणारी बाजू उजवीकडे काढायची. अमेरिकेत तृतीय-कोन रूढ आहे : काचेच्या पेटीतून पाहावे तशी डावी बाजू डावीकडेच. एका रीतीचा कागद दुसऱ्या रीतीने वाचला, तर भोक उलट बाजूला पडते आणि तयार होते ते हव्या त्या भागाचे आरशातले प्रतिबिंब. मोजमापे सारी बिनचूक, भाग मात्र भंगारात.

हे टळते ते शीर्षकचौकटीतल्या नखाएवढ्या चिन्हाने : टोक कापलेला शंकू आणि शेजारी दोन वर्तुळे. वर्तुळे शंकूच्या रुंद बाजूला असतील तर प्रथम-कोन, अरुंद बाजूला असतील तर तृतीय. दुधाळ्याला काम मागायला जाणाऱ्या आपल्या आयटीआयच्या पोरांना दोन्ही रीती सारख्याच सराईतपणे वाचता आल्या पाहिजेत, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि त्यासाठी वर्गात शंकूचे ते चिन्ह पहिल्याच दिवशी फळ्यावर यावे.